गरम झाल्यावर स्टार्ट होत नाही: रोटरी इंजिन खरंच गेलंय का, आणि गेलं असेल तर कशानं?

सकाळी गाडी एका सेल्फमध्ये स्टार्ट होते. माजिवड्याहून निघून ऐरोली पुलावरून वाशीपर्यंत सुरळीत जाते. पेट्रोल भरायला थांबून दहा मिनिटांनी पुन्हा चावी फिरवली की सेल्फ फिरत राहतो, पण इंजिन पकडत नाही. बॉनेट उघडून तासभर थंड होऊ दिलं की काहीच झालं नाही अशा थाटात चालू होते. आठवड्याभरानं पुन्हा तेच.

माझदा आरएक्स-८ किंवा आरएक्स-७ बाळगणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला ही तक्रार कधी ना कधी येते. माझदाच्या प्रवासी गाड्यांचं अधिकृत सेवाजाळं भारतात नाही. आपल्याकडच्या बहुतेक लोकांना हे नाव स्वराज माझदाच्या बस-टेम्पोमुळेच माहीत. त्यामुळे बाहेरून आणलेली रोटरी गाडी शेवटी पिस्टन इंजिनावर हात बसलेल्या मेकॅनिककडेच जाते आणि तिथे निदान एका वाक्यात होतं, ‘इंजिन गेलं’. कधी ते बरोबर असतं, पण पुष्कळदा इंजिन शाबूत असतं आणि दोष बॅटरीत, सेल्फमध्ये किंवा कॉइलमध्ये निघतो. खरोखर इंजिनच गेलं असेल तरी काम तिथे संपत नाही, कारण ते कशानं गेलं हे शोधल्याशिवाय दुसरं बसवलं तर तेही त्याच वाटेनं जातं.

हे इंजिन कशावर चालतं

दोष शोधण्यापुरतं एवढं लक्षात असलं की पुरे. १३बी, म्हणजे या गाड्यांतल्या रोटरी इंजिनात दोन रोटर असतात आणि एकेका रोटरमागे एकाच कप्प्याची ६५४ सीसी क्षमता धरतात, म्हणून एकूण १,३०८ सीसी. रोटर तिकोनी असतो आणि तो व त्याच्याभोवतीचं कवच (हाउसिंग) यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात. त्याच्या तीन टोकांवर तीन एपेक्स सील, दोन्ही बाजूंना मिळून सहा साइड सील आणि जिथे हे दोन्ही भेटतात त्या कोपऱ्यांवर सहा कॉर्नर सील. व्हॉल्व्ह नाहीत, टायमिंग चेन नाही, हेड गॅस्केटही नाही. पिस्टन इंजिनात कॉम्प्रेशन गेलं की रिंग, व्हॉल्व्ह आणि गॅस्केट असे तीन संशयित असतात. इथे संशय फक्त सीलवर आणि ते ज्या पृष्ठभागांवर घासतात त्यांवर.

रोटर एक फेरा पूर्ण करतो तेवढ्यात एक्सेंट्रिक शाफ्ट (पिस्टन इंजिनातल्या क्रँकशाफ्टच्या जागी असलेला दांडा) तीन फेरे मारतो. म्हणजे शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला त्या रोटरचा एक कप्पा दाबला जातो आणि तीन फेऱ्यांत तिन्ही कप्प्यांची पाळी येऊन जाते. पुढची सगळी मोजणी या हिशोबावर उभी आहे.

सीलमधून होणारी गळती वेळेवर अवलंबून असते. शाफ्ट जितका हळू फिरेल तितका हवेला निसटायला जास्त वेळ मिळतो. इंजिन गरम असताना ऑईल पातळ झालेलं असतं, गरम सेल्फची ताकदही उतरलेली असते आणि सील थकलेले असले तर दाब ठिणगीला पेट घेण्याइतका चढतच नाही. थंड असताना घट्ट ऑईल सीलच्या फटी बुजवतं, म्हणून सकाळी काही जाणवत नाही.

आधी फ्लडिंग वेगळं काढा

थंड गाडी चालू करून लगेच बंद केली की रोटरी इंजिन फ्लड होतं. थंड असताना ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) भरपूर पेट्रोल देतो आणि ते जळायच्या आत इंजिन बंद पडलं की प्लग भिजतात. हाउसिंगवरचा ऑईलचा थर धुऊन निघतो आणि कॉम्प्रेशन पडतं. आपल्याकडच्या सोसायट्यांमध्ये याला हमखास निमित्त मिळतं. पोडियम पार्किंगमध्ये मागची गाडी निघायची असते, वॉचमन हाक मारतो, गाडी दहा फूट पुढे घेऊन बंद केली जाते आणि संध्याकाळी ती स्टार्टच होत नाही. गाडी एवढीच हलवायची असेल तर न्यूट्रलला टाकून ढकला. चालू केलीच तर तापमान वर येईपर्यंत दहा मिनिटं चालू द्या, नंतर बंद करा.

फ्लड झालेली गाडी आणि गरम असताना न पकडणारी गाडी यांतला फरक प्लग काढल्यावर कळतो. प्लग पेट्रोलनं ओले आणि उग्र वासाचे असतील तर ते फ्लडिंग. त्यावर उपाय असा: बॅटरी पूर्ण चार्ज करा. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून ठेवा, म्हणजे इंजेक्टर बंद राहतात, आणि दहा-दहा सेकंद सेल्फ मारा. मध्ये निदान मिनिटभर थांबा, नाहीतर सेल्फची वाइंडिंग जळेल. एवढ्यानं नाही झालं तर चारही प्लग काढा, फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा आणि सेल्फ मारून आतलं पेट्रोल बाहेर उडवा. मग प्रत्येक रोटरमध्ये प्लगच्या भोकातून ५ ते १० मिली इंजिन ऑईल सोडा, कोरडे प्लग बसवा, फ्यूज परत लावा आणि पुन्हा प्रयत्न करा. चालू झाल्यावर ऑईल जळून निळा-पांढरा धूर भसाभस निघेल. हे काम बेसमेंटमध्ये अजिबात करू नका. गाडी ढकलत उघड्यावर आणा, कारण तळघरात साचणारा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

बॅटरी आणि सेल्फ

कॉम्प्रेशन मोजायच्या आधी हे तपासायचंच, कारण मंद सेल्फ धडधाकट इंजिनालाही मेलेलं ठरवतो. सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज ९.६ च्या खाली जायला नको. मग मल्टिमीटरची एक टोकणी बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर लावून पुन्हा सेल्फ मारा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंगची पट्टी खराब आहे. खाडीकाठच्या हवेत, चार पावसाळे काढलेल्या गाडीत ही पट्टी हिरवी पडलेली सापडणं नेहमीचंच. ती काढून सँडपेपरनं घासा आणि पुन्हा घट्ट बसवा. सुरुवातीच्या आरएक्स-८ चा सेल्फ मुळातच मंद होता, पुढे माझदानं जास्त वेगाचा दिला. जुना सेल्फ असेल तर तो बदलल्यावर अशी गाडी पुन्हा नीट स्टार्ट होऊ लागते. पण सील थकलेले असतील तर त्यानं मुदत वाढते एवढंच, आजार जात नाही.

बॅटरी काढून लावली असेल तर पहिल्या मालिकेच्या (२००९ च्या आधीच्या) आरएक्स-८ ला आणखी एक गोष्ट करावी लागते. चावी ऑन, इंजिन बंद, आणि ८ सेकंदांत ब्रेक पेडल २० वेळा दाबायचं. एक्सेंट्रिक शाफ्टच्या सेन्सरची जुनी नोंद यानं पुसली जाते आणि ईसीयू ती नव्यानं शिकतो.

कॉम्प्रेशन: एक आकडा नव्हे, तीन ठोके

सगळ्यात जास्त चूक इथे होते. पिस्टन इंजिनाचा गेज लावतात, सेल्फ मारतात, काटा चढतो, आकडा लिहून घेतात. पण त्या गेजच्या नळीत एकेरी व्हॉल्व्ह असतो, तो तीन कप्प्यांतल्या सगळ्यात चांगल्याचा दाब धरून ठेवतो. दोन कप्पे मेलेले आणि एक जिवंत असला तरी आकडा झकास येतो. ‘कॉम्प्रेशन ठीक आहे’ म्हणून परत पाठवलेल्या कितीतरी गाड्यांची खरी हकिगत हीच असते.

तिन्ही कप्पे वेगवेगळे मोजून शाफ्टच्या वेगासकट दाखवणारा रोटरीचा खास टेस्टर मिळाला तर उत्तमच. आरएक्स-८ साठी माझदाचा मापदंड असा आहे: २५० आरपीएमला नवं इंजिन ८३० किलोपास्कल, म्हणजे ८.५ किलो प्रति चौरस सेंटीमीटर देतं. किमान ६८० किलोपास्कल, म्हणजे ६.९ किलो. एकाच रोटरच्या कप्प्यांत १५० किलोपास्कलपेक्षा जास्त आणि दोन रोटरांत १०० पेक्षा जास्त फरक चालत नाही. आकडा ६८० च्या वर असला तरी फरक मोठा असेल तर इंजिन नापासच.

खास टेस्टर नसला तर साध्या गेजवरही काम भागतं, फक्त वापरायची पद्धत बदलायची. इंजिन पूर्ण गरम करून घ्या. पुढे पुलीजवळ खाली असलेल्या एक्सेंट्रिक शाफ्ट सेन्सरचा कनेक्टर काढा, म्हणजे ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही बंद होतात. शिवाय फ्युएल पंपाचा फ्यूजही काढा. दोन्ही रोटरचा एकेक प्लग काढा, दुसरा बसलेलाच राहू द्या. गेजच्या नळीतला तो छोटा व्हॉल्व्ह काढून टाका, किंवा प्रेशर सोडायचं बटण दाबून धरा. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा आणि काट्याचा मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ घ्या.

आता काटा स्थिर राहणार नाही, प्रत्येक कप्प्याला एक उडी मारेल. तीन-तीनच्या गटांत पाहा. टुक-टुक-टुक अशा सारख्या उंचीच्या उड्या असतील तर तो रोटर ठीक. एक उडी खुजी आणि दोन चांगल्या असतील तर त्या कप्प्याचा साइड किंवा कॉर्नर सील अडकलाय किंवा झिजलाय. शेजारशेजारच्या दोन उड्या पडलेल्या आणि तिसरी बरी असेल तर एपेक्स सील गेला, कारण एक एपेक्स सील दोन कप्प्यांच्या मधली भिंत असतो आणि तो तुटला की दोन्ही बाजू गळतात. तिन्ही सारख्याच बसक्या असतील तर ती सरसकट झीज, नाहीतर सेल्फ मंद आहे, नाहीतर इंजिन पेट्रोलनं धुतलं गेलंय.

वेगही त्याच व्हिडिओतून काढता येतो. शाफ्टच्या एका फेऱ्याला एक उडी, म्हणजे २५० आरपीएमला पाच सेकंदांत जवळपास २१ उड्या. १६-१७ च भरल्या तर वेग २०० च्या आसपास आहे आणि दाब कमी दिसणारच. व्हॉल्व्ह काढलेला साधा गेज खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो, म्हणून त्यावरून इंजिन पास-नापास ठरवू नका. तीन उड्यांची आपसातली तुलना मात्र तो खरी सांगतो.

गेज हाताशी नसेल, जुनी गाडी घ्यायला गेला असाल, तर कानानं ऐका. तसाच एकेक प्लग काढून, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगून भोकाजवळ कान न्या, पण तोंडासमोर उभं राहू नका. चांगल्या रोटरचा आवाज ‘फस्स, फस्स, फस्स’ असा एका लयीत येतो. एपेक्स सील तुटलेल्याचा ‘फस्स’ आणि मग दोन ठोक्यांची पोकळी. हा फरक एकदा ऐकला की परत चुकत नाही.

पिस्टनवाल्यांची ‘ऑईल टाकून पुन्हा मोजा’ ही चाचणी इथे फसवी आहे. ऑईल टाकलं की रोटरीचं कॉम्प्रेशन थोडा वेळ वाढतंच, मग सील चांगले असोत वा वाईट. ऑईल जळून गेल्यावर, गाडी वीस मिनिटं चालवून पुन्हा मोजा आणि तो आकडा धरा.

एकच कप्पा खुजा निघाला तर इंजिन उघडायच्या आधी एक संधी द्या. कार्बननं चिकटलेला सील कधीकधी सुटतो. प्रत्येक रोटरमध्ये २० ते २५ मिली ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल सोडून रात्रभर ठेवा. मध्ये दोन-तीनदा पुलीच्या बोल्टवर पाना लावून, इंजिन ज्या दिशेनं फिरतं त्याच दिशेनं, हातानं थोडं फिरवा. सकाळी आधी प्लग काढूनच सेल्फ मारा. शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा मोजा. नाही सुधारलं तर मात्र इंजिन उघडावं लागणार.

कशानं गेलं: कॉइलपासून सुरुवात करा

आरएक्स-८ ची इंजिनं मारण्यात सगळ्यात मोठा हात इग्निशन कॉइलचा आहे. चार कॉइल, उष्णतेत बसवलेल्या, पन्नास हजार किलोमीटरच्या आसपास कमजोर पडतात. गाडी बंद पडत नाही, फक्त ओढ थोडी कमी होते, म्हणून मालक चालवत राहतो. ठिणगी कमजोर असल्यानं न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या ‘कॅट’मध्ये, जाऊन तिथे जळतं. कॅटची आतली जाळी वितळते, धुराची वाट अडते. आरएक्स-८ च्या रेनेसिस इंजिनात धूर बाहेर पडायची तोंडं बाजूच्या हाउसिंगमध्ये आहेत, साइड सील त्यांच्यावरूनच सरकतात. अडलेली उष्णता तिथे मागे येते, कार्बन साचतो, सीलखालच्या स्प्रिंगचा ताण मरतो. म्हणजे दोष सुरू झाला कॉइलपासून आणि मेलं इंजिन. अशा वेळी नुसतं इंजिन बदलून तीच कॉइल आणि तोच कॅट ठेवला की नव्या इंजिनाचं भवितव्य त्याच दिवशी ठरतं.

कॉइल ओहममीटरवर बऱ्याचदा पास होते, कारण ती गरम झाल्यावर आणि ताण आल्यावर फसते. म्हणून वय झालं असेल तर चारही कॉइल, चारही वायर आणि चारही प्लग एकदमच बदला. लीडिंगला एनजीके आरई७सी-एल, ट्रेलिंगला आरई९बी-टी. प्रत्येक रोटरच्या दोन प्लगांपैकी खालचा लीडिंग, वरचा ट्रेलिंग. दोन्ही एकमेकांच्या जागी घालू नका, त्यांची उष्णता झेलायची श्रेणी वेगळी आहे. प्लग आरएक्स-८ मध्ये बाजूनं, पुढच्या चाकाच्या मागच्या पोकळीतून काढावे लागतात. वायर परत लावताना गल्लत होते, म्हणून काढायच्या आधी प्रत्येकीवर मार्किंग टेप लावा.

कॅट तपासायला पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या जागी प्रेशर गेज लावा. आयडलला सव्वा पीएसआयच्या आत आणि २,५०० आरपीएमला ३ पीएसआयच्या आत असायला हवं. त्याहून जास्त म्हणजे वाट अडलीय. गार कॅटवर रबरी हातोडीनं टकटक केल्यावर आत खडखडलं तर जाळी फुटलीय. रात्री जोरात चालवून आल्यावर कॅट लालबुंद दिसत असेल तर गेजचीही गरज नाही.

ओबीडी स्कॅनर, म्हणजे ईसीयूतले दोषांचे कोड वाचणारं यंत्र, साधा मिळतो, तो लावाच. पी०३०० ते पी०३०२ हे कोड मिसफायरचे. पण कोड नाही म्हणजे कॉइल चांगली असं समजू नका. पीयूसीच्या पावत्या जपून ठेवा. मागच्या वेळेपेक्षा हायड्रोकार्बनचा आकडा अचानक चढला असेल तर कुठेतरी पेट्रोल न जळता बाहेर पडतंय, आणि हे गाडी बिघडायच्या कितीतरी आधी कळतं.

ऑईल

रोटरी इंजिन ऑईल खातं, कारण मीटरिंग पंप मुद्दाम थोडं ऑईल कप्प्यात सोडतो आणि तेच एपेक्स सीलला वंगण देतं. अजिबात ऑईल कमी होत नसेल तर आनंद मानू नका, पंप किंवा त्याच्या नळ्या तपासा. पहिल्या मालिकेत रोटरमागे दोन ऑईल इंजेक्टर होते, २००९ पासूनच्या गाड्यांत माझदानं तीन केले. झीज कुठे होत होती हे त्या बदलातूनच दिसतं.

दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक पाहा आणि ५,००० किलोमीटरला ऑईल बदला. आपल्या हवेत ५डब्ल्यू-३० बरं पडतं. शिवाय पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑईल मिसळा, लिटरला ५ मिली. ५० लिटर पेट्रोलला पाव लिटर. डब्यावर जासो एफसी किंवा एफडी छाप असलेलं घ्या, त्याची राख कमी राहते. टाकी भरण्याआधी ऑईल ओता म्हणजे नीट मिसळतं.

पावसाळ्यात ऑईल भरायच्या नळीत दुधाळ चिखल दिसला की लोक घाबरतात. आरएक्स-८ ची ती नळी लांब आणि गार असते. दमट हवेत, छोट्या फेऱ्यांमध्ये, तिच्यात पाणी धरतं. डिपस्टिक स्वच्छ असेल तर काळजी नको. डिपस्टिकही दुधाळ असेल तर मात्र कूलंट ऑईलमध्ये उतरतंय.

डॅशबोर्डवरचा ऑईल प्रेशरचा काटा पहिल्या मालिकेत खरा मोजत नाही. मधोमध आहे म्हणजे प्रेशर शून्य नाही, एवढंच तो सांगतो.

कूलंट आणि घोडबंदर रोड

रोटरीला जॅम सोसत नाही. मे महिन्यातली दुपार, एसी चालू, कापूरबावडीपासून कासारवडवलीपर्यंत मुंगीच्या पावलानं. वारा नाही, फक्त पंखे. पुढे गायमुखचा चढ. अशा वेळी डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा तुमचा मित्र नाही. तो मधल्या मोठ्या पट्ट्यात हलतच नाही आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. ओबीडी स्कॅनर फोनला जोडून खरा आकडा समोर ठेवा. ९० च्या आसपास ठीक. १०५ अंश झाले की एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात. ११० ला बाजूला घेऊन बंद करा. पाच मिनिटं उशीर झाला म्हणून कुणाचं बिघडत नाही, हाउसिंग मात्र कायमचं वाकतं.

इंजिन हे लोखंड आणि अॅल्युमिनियमच्या पाच थरांचं सँडविच आहे. थरांच्या मधले पाण्याचे सील जास्त तापले की चपटे होऊन मरतात. लक्षणं अशी: कूलंट कमी होतं पण गळती दिसत नाही, सकाळी चालू करताना गोडसर वासाचा पांढरा धूर येतो, एक्स्पान्शन टाकीत बुडबुडे येतात. तपासायला थंड इंजिनाला प्रेशर टेस्टर लावून कॅपवर लिहिलेल्या दाबाइतकंच पंप करा आणि रात्रभर ठेवा. सकाळी दाब पडलेला असेल तर प्लग काढा आणि मगच सेल्फ मारा. भोकातून कूलंटचा फवारा उडाला की निदान पक्कं. प्लग न काढता सेल्फ मारू नका, कप्प्यात साचलेलं पाणी दाबलं जात नाही आणि नुकसान वाढतं.

कूलंटमध्ये बोअरवेलचं पाणी कधीही नको, डिस्टिल्डच वापरा, अर्धं-अर्धं. रेडिएटर आणि एसी कंडेन्सर यांच्या मधल्या फटीत पिसं, माती, पिशव्यांचे तुकडे अडकतात, ते वर्षातून एकदा काढून धुवा.

आरएक्स-७ च्या टर्बो इंजिनाची वेगळी भीती आहे. बूस्टमध्ये (टर्बो जास्तीची हवा ढकलत असताना) पेट्रोल कमी पडलं की डिटोनेशनच्या, म्हणजे मिश्रण स्फोटासारखं पेटण्याच्या, एका झटक्यात एपेक्स सील तुटतो आणि त्याचा तुकडा टर्बोच्या पात्यांतून जातो. तिथे इंजिन उघडताना टर्बो न तपासणं म्हणजे अर्धंच काम.

ई२० पेट्रोलचा ऑक्टेन कमी नसतो. प्रश्न जुन्या रबरी नळ्यांचा आणि पाणी शोषण्याचा आहे. पावसाळाभर उभी राहणारी गाडी पूर्ण टाकी भरून ठेवा आणि इंधनाच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घाला.

उघडायची वेळ आली तर

वागळे इस्टेट किंवा तुर्भे-रबाळेच्या एमआयडीसी पट्ट्यात उत्तम मशीन शॉप आहेत, पण त्यांना आधीच दोन गोष्टी बजावून सांगा. रोटर हाउसिंगला बोअर मारता येत नाही आणि होनिंग करता येत नाही. आत क्रोमचा पातळ थर असतो, तो गेला की हाउसिंग गेलं. क्रोमवर नख फिरवा, प्लगच्या भोकांजवळ पापुद्रे निघालेले दिसले तर ते हाउसिंग परत वापरू नका, नवे सील आठवड्यात खाईल. दुसरं, साइड हाउसिंगचा पृष्ठभाग नायट्रायडिंग करून कठीण केलेला असतो. सरफेस ग्राइंडिंग केलं तर तो थर निघतो, मग पुन्हा नायट्रायडिंग करावंच लागतं.

साइड हाउसिंगवर स्ट्रेट एज ठेवून फीलर गेज घाला. वाकडेपणा ०.०४ मिमीपेक्षा जास्त नको, सील घासून पडलेली पायरी ०.१० मिमीपेक्षा खोल नको. जोडणीनंतर एक्सेंट्रिक शाफ्टचा मागे-पुढे खेळ ०.०४ ते ०.०७ मिमी हवा. पाण्याचे सील, ऑईल ओ-रिंग आणि सगळ्या स्प्रिंगा नव्याच घाला. फ्लायव्हीलचा नट ५४ मिमीचा, ४० ते ५० किलोग्राम-मीटर टॉर्कचा. त्यासाठी योग्य सॉकेट आणि फ्लायव्हील धरून ठेवायची पट्टी आधीच मिळवा, छिन्नी-हातोडीनं तो उघडू नका.

वापरलेलं इंजिन बाहेरून मागवत असाल तर विकणाऱ्याकडून दोन्ही रोटरच्या कॉम्प्रेशनचा, आरपीएम दिसेल असा व्हिडिओ घ्या. ‘चालू स्थितीत’ या शब्दावर पैसे देऊ नका. इंजिन नंबर बदलला की आरसीवर नोंद करून घ्यावी लागते, ठाण्याच्या किंवा वाशीच्या आरटीओत. वेगळ्याच जातीचं पिस्टन इंजिन टाकायचा विचार असेल तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आधी वाचा. परवानगीविना असा बदल चालत नाही आणि विम्याचा दावाही अडकतो.

नव्या बांधणीचं इंजिन पहिले १,५०० किलोमीटर ४,००० आरपीएमच्या आत चालवा, पण एकाच वेगावर धरून ठेवू नका. पहिलं ऑईल ५०० किलोमीटरला काढा, फिल्टर कापून आत धातूचा चुरा पाहा. या काळात टू-स्ट्रोक ऑईलचं प्रमाण लिटरला ८-१० मिली ठेवलं तर सील बसायला मदत होते. त्यानंतर मात्र इंजिनाला दररोज एकदा, पूर्ण गरम झाल्यावर, वर फिरू द्या. सहा गिअरच्या आरएक्स-८ मध्ये पहिल्या गिअरला ७,००० आरपीएम म्हणजे जेमतेम ५० चा वेग, तेव्हा यासाठी वेगमर्यादा मोडायची गरज पडत नाही. पाम बीच रोडच्या सिग्नलवरून निघताना एवढं केलं तरी साइड सीलभोवती कार्बन साचत नाही. १,५०० किलोमीटर झाले की पुन्हा गरम इंजिनावर तीन ठोके मोजा आणि तारीख, किलोमीटर, आरपीएम आणि सहाही आकडे गाडीच्या फाईलमध्ये लिहून ठेवा. पुढच्या वेळी गाडी गरम असताना अडली तर तुलना याच आकड्यांशी करायची आहे.